सोललेलं संत्रं

ता. ४ मार्च

चि. बंडूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. बस चालवताना छातीत कळ आली आणि तू आधी बस कडेला लावलीस, मग स्वतः आडवा झालास, हे वाचून पायाखालची जमीन सरकली. थोडक्यात निभावलं रे बाबा. आता डॉक्टर सांगतील तसं वाग. पालेभाजी दिसली की तोंड फिरवायचास, ते लाड बंद.

हृदयविकार हे पुरुषांचंच दुखणं. आम्हा बायकांना आजारी पडायला तरी कुठे फुरसत आहे? इकडे शिवणवर्गात मुली वाढल्यात. जिना चढताना मला मध्येच बसावं लागतं आणि दाढ ठणकते, पार जबडाभर. दातांच्या डॉक्टरांना काही सापडेना. अशक्तपणा असेल म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणल्यात. एका गोळीत अख्खा भाजीबाजार आहे म्हणे. फळांचं विचारशील, तर घरात संत्रं रोजचंच.

चिडचिड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, त्यांच्या जोडीला औषधही घे.

तुझी
ताई

ता. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझंच दुखणं विसरलो.

काल मशीनवर माझं हृदय पाहिलं. पडद्यावर एवढीशी झडप उघडत होती, मिटत होती. कुणी सांगत नाही, कुणी ढकलत नाही. मी आयुष्यभर इंजिनं ऐकली, पण असं चालणारं पहिल्यांदाच पाहिलं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या दाढेचं सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, बायकांना कधी कधी छातीत कळ येतच नाही. नुसता थकवा येतो, नाहीतर पाठ, जबडा दुखतो. म्हणून घरच्यांना वाटतं हे पुरुषांचं दुखणं, आणि बाई दाढ दाखवत बसते. गोळ्यांचंही विचारलं. त्या म्हणाल्या, भाजी, फळं, डाळी यांतून जे मिळतं त्याची जागा बाटली घेत नाही.

मग त्यांनी विचारलं, ताई खातात काय? संत्र्याचं तूच लिहिलं होतंस, तेवढं सांगितलं. तुझ्या हातांना कायम संत्र्याचा वास यायचा, तेवढंच मला आठवलं.

धाकटा असून हुकूम सोडतो आहे. हे पत्र खाली ठेव आणि मोठ्या दवाखान्यात जा.

लोभ वाढवावा, मीठ कमी करावं.

तुझा
बंडू

ता. २६ मार्च

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

तू मला वाचवलंस, हे आधी लिहिते.

हृदयाची एक नळी जवळजवळ बुजली होती. मनगटातून तार घालून जाळी बसवली. मी पूर्ण जागी होते. पडद्यावर माझ्या नळ्या दिसत होत्या, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक, आणि दर ठोक्याला सगळ्या एकदम हलत होत्या. एका जागी गाठ बसावी तसं झालं होतं. जाळी उघडली आणि रक्त पुढे धावलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आईच्या पोटात असल्यापासून हे हृदय चाललंय, एक दिवस सुट्टी नाही. शिवणयंत्राला मी दर आठवड्याला तेल घालते. याची कधी साधी विचारपूस केली नाही.

डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, रोज संत्रं. सोबत आलेले हेही म्हणाले, हो, हिच्या हाताला वासच असतो. डॉक्टरांनी विचारलं, किती फोडी? मी बोटांवर मोजायला लागले, तर माझ्या वाट्याची एकही निघेना. अरे, मी रोज सोलते. यांना देते, नातीला देते, पूर्वी तुला द्यायचे. वासावरून तुम्हीच काय, मीही फसले! डॉक्टर हसले. म्हणाले, एका संत्र्यानं नळी बुजतही नाही की उघडतही नाही. पण वर्षानुवर्षं स्वतःच्या ताटात काय पडतं ते हृदयाला कळतं. रक्तदाबही वाढलेला निघाला. त्याच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत.

आज यांनी संत्रं सोललं. अर्धा रस टेबलावर, साली जमिनीवर. बशी समोर ठेवली, तर माझा हात सवयीनं वाटणी करायला लागला. यांनी मनगट धरलं, पट्टी नसलेलं, आणि म्हणाले, "आधी तू."

खाल्लं. बंडू, फार गोड होतं रे. तुम्हाला फोडी देताना मी दरवेळी विचारायचे ना, गोड आहे का म्हणून? मला खरंच माहीत नसायचं.

माया आहे तशीच ठेव. संत्र्यात मात्र यापुढे माझा वाटा राहील.

तुझी
ताई