बाईंची छापायची राहिलेली कथा

बाई,

परवा दोन पोरी घरी आल्या होत्या. तुमच्या मासिकावर अभ्यास करतायत. संपादक म्हणून तुमचं कौतुक त्यांना तोंडपाठ आहे, पण लेखिका म्हणून मी त्यांना काय दाखवू? अंकाअंकात लोकांच्या कथा आहेत, तुमची एकही नाही. मला तुमचा रागच आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, तरी आला.

तुमचं स्वयंपाकघर हेच मासिकाचं कार्यालय. चुलीवर भाकरी, मांडीवर प्रुफं. मी पिशोरहून कॉलेजसाठी आलेली, तुमच्याकडेच राहणारी. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि तुम्ही प्रुफावर खुणा करायच्या. एखाद्या कथेत मला रडू आलं की तुम्ही लगेच डाफरायच्या, "गोष्टीत गुतू नको गं. गुतलीस की चुका निसटत्यात." मी शिकले. हळूहळू मला रडूही येईना.

शेवटच्या दिवाळी अंकात तुमची स्वतःची कथा येणार होती, पहिलीच. तीही मी तशीच वाचली, सपाट, न अडखळता. "आता जमलं तुला," तुम्ही म्हणालात, आणि मला केवढा आनंद झाला! मग शहागंजातल्या छापखान्यात कळलं, पानं जास्त भरली आहेत. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारे चाचा कळवळून म्हणतात, "बाई, इत्ती मेहनतीनं जुळवली, अन् आता सोडायची? त्या खुलताबादच्या पोरीची ठेवा की पुढच्या अंकाला." तुम्ही हसता. "ती वाट बघायली चाचा. माझं काय, घरचंच हाय." घरची माणसं मागच्या पंगतीला बसतात, तसं. चाचांनी तुमची पानं मोडून खिळे पुन्हा खणांत टाकले.

पुढचा अंक निघालाच नाही. हिवाळ्यात तुम्ही गेलात, छापखाना बंद पडला, हस्तलिखित रद्दीबरोबर गेलं. मागाहून चाचाही गेले.

"कशी होती हो ती कथा?" तुमचीही एक कथा होती, एवढं माझ्याकडून ऐकून त्या पोरींनी विचारलं. फार सुंदर होती, मी म्हणाले. दोघींनी लिहून घेतलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. ती कथा वाचलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे. एकही चूक मी निसटू दिली नव्हती. पण बाई, ती कशाबद्दल होती, ते मला आठवत नाही.