नटवलेल्या नदीची फेरमोजणी

प्रति,
मा. पाणीपरवाना अधिकारी,
जिल्हा जलकचेरी.

अर्जदार: शेमसा कुलाग्लिच, वय ७१, शिक्षण चौथी, मु. पोद्लिपा, लिपिचा नदीचा डावा काठ.

विषय: लिपिचा नदीत मासे व होड्यांसाठी कमीत कमी किती पाणी ठेवायचे, ते पुन्हा मोजून ठरवणेबाबत.
संदर्भ: आपला आदेश क्र. ४१, दि. २० ऑगस्ट. (हरकतीची मुदत १५ सप्टेंबर.)

महोदय,

१. सदर आदेशात आपण लिहिले आहे की भर ऑगस्टातही लिपिचात सेकंदाला तीन हजार लिटर पाणी असते, सबब वरच्या अंगाच्या नव्या वीजघराने दोन हजार न्यावे व एक हजार नदीला सोडावे. हिशोब बरोबर आहे. पाणी खोटे आहे. ते खोटे मी केले.

२. आपले मोजणी साहेब ६ ऑगस्टला येणार, असे पत्र आले. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटला की अंगण झाडतात, तांब्याची भांडी घासतात. नदी तेवढी मरगळलेली दिसावी हे मला पटेना. मी गावातल्या पाचही पाणचक्क्यांच्या पाणी अडवायच्या फळ्या दोन दिवस बंद ठेवायला लावल्या आणि साहेबांची गाडी वळणावर दिसताच उचलायला लावल्या. माझी शेजारीण झेयना तेव्हाच म्हणाली होती, “शेमसा, तो पाहुणा नाही गं, मोजणारा आहे.” मी तिला म्हटले, तू तुझी भट्टीतली पिटा बघ, करपतेय. तिची पिटा करपली नव्हती. हा परिच्छेद लिहायला मला चार दिवस लागले, याची नोंद घ्यावी.

३. साहेब छातीभर पाण्यात उभे राहून मोजत होते. नंतर कॉफी घेताना म्हणाले, “आजी, ऑगस्टात एवढं पाणी? मग काळजी कसली?” मी म्हटले, “आमची नदी कुणाच्या उपकारावर वाहत नाही.” हे आपल्या अहवालात ‘स्थानिक रहिवाशांच्या मते पाणी मुबलक आहे’ असे उतरले आहे. साहेब तीन कप कॉफी प्यायले, ते उतरलेले नाही.

४. खरे पाणी दोन हजारसुद्धा जेमतेम. त्यामुळे गेल्या आठवड्यात वीजघराने चाचणी म्हणून आपला वाटा घेतला, तेव्हा आम्हाला गोटे उरले. त्याच दिवशी माझी नात मेदिना हिचे लग्न होते. नवरीला न्यायला वऱ्हाड खालच्या गावाहून होडीनेच येते, तसेच आले. तिन्ही होड्या वळणावर खडीत रुतल्या. वाजंत्री नदीच्या मधोमध उभे राहून वाजवत होते आणि विहीणबाई बूट हातात घेऊन माझ्या अंगणात चालत आल्या. म्हणाल्या, “तुमच्या नदीबद्दल बरंच ऐकलं होतं. कुठंय ती?” मी त्यांना कॉफी दिली. इकडे आम्ही बायका लग्नाच्या पराती घेऊन डबक्यांतले ट्राउट मासे उचलत होतो आणि चक्कीच्या डोहात सोडत होतो. निम्मे वाचले. ऑक्टोबरात ते अंडी घालायला वर चढतात. कशातून चढणार, ते आदेशात दिसले नाही.

५. आमच्या धुण्याच्या दगडावर सासूबाईंनी छिन्नीने दोन खुणा केल्या आहेत. पाणी खालच्या खुणेला असेल तर मासा पोट न घासता जातो. वरच्या खुणेला असेल तर भरलेली होडी जाते. बाई कजाग होती, पण खुणा आजवर चुकलेल्या नाहीत. पाणी वरच्या खुणेखाली उतरले की वीजघराने आपले तोंड बंद करावे, एवढीच मागणी आहे. उरेल ते खुशाल न्यावे, मला विजेचे वावडे नाही, माझ्याकडे फ्रीज आहे.

६. तरी कृपया मुदतीच्या आत पुन्हा मोजणीस यावे. पत्र पाठवू नये. फळ्या उचलल्या जाणार नाहीत, अंगण झाडलेले नसेल, नदी घरच्या कपड्यांत असेल. कॉफी मिळेल, पण मोजून झाल्यावर.

चूक कबूल, नदी नाकबूल नाही,
आपली,
शेमसा कुलाग्लिच (सही)
दि. ९ सप्टेंबर

सोबत:
१) लाल दोरा: नदीच्या तळापासून खालच्या खुणेपर्यंत, माशासाठी.
२) निळा दोरा: तळापासून वरच्या खुणेपर्यंत, होडीसाठी.
(दोरे धुऊ नयेत, आटतात.)

साक्षीदार: झेयना पाशालिच, शेजारीण. परिच्छेद २ मी दोनदा वाचला. खरा आहे. (सही)