उंदराच्या आतड्यातली दुर्बीण

सोलापूर, शनिवार

चि. सौ. शकुंतला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, अकलूजची हवा आणि दाजींचा आवाज, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (आवाज ठीकच असणार. फोन तुला केला तरी बोलतात तेच, म्हणून हे पत्र.)

तुझी देवयानी आमच्याकडे राहून इथल्या प्रयोगशाळेत काय दिवे लावते, ते परवा पाहून आलो. घरच्यांना काम दाखवायचा दिवस होता. मला वाटलं, पोरगी कॅन्सरवर संशोधन करते म्हणजे बाटल्या, धूर, असं काहीतरी असेल. तर ही उंदराच्या मागच्या दारातून दुर्बीण घालून बसते! उंदराला भूल, उंदराला ऊब देणारी गादी, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम. (तुझ्या वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा उशीसुद्धा घरून न्यावी लागली होती.)

म्हणे, पूर्वी आतड्यातली गाठ किती वाढली ते बघायला दर खेपेला उंदीर मारून फाडावे लागत. आता तोच उंदीर पुन्हा पुन्हा बघता येतो. एका यंत्रात गाठीच्या पेशी अंधारात चमकतात, दुसऱ्यात न कापता आतडं दिसतं. मी सगळ्यांदेखत विचारलं, की आपल्या घराण्यात पणजोबांपासून कुणाच्या पोटात कुणी डोकावलं नाही, तरी सगळे ठणठणीत होते आणि ठणठणीत गेले. मग या उंदराचे एवढे लाड कशाला? तिचे सर हसले. (हसणारच. पगार चालू आहे.) देवयानी हसली नाही. "मामा, पणजोबा कशानं गेले, ते तरी माहितीय का कुणाला?" म्हणाली. चारचौघांत मामाला उलटून बोलते! हे संस्कार अकलूजचे, आमचे नव्हेत.

मग पडद्यावर आतडं दिसलं. गुलाबी, ओलं, वळणावर एक गाठ, आणि दुर्बीण लागताच तिच्यातून रक्त. पुढचं देवयानी तुला तिखटमीठ लावून सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. मला चक्कर आली नव्हती. तिथं आत जाताना घालायला दिलेल्या अंगरख्यात आणि टोपीत गुदमरलो, म्हणून फरशीवर आडवा झालो, एवढंच. तोंडावर पाणी मारलं तेव्हा उंदीर माझ्या आधी उठून फिरत होता, हे मात्र खरं. पिंजरे धुणारा संगप्पा म्हणाला, "लई नाजूक हायती की तुमचे मामा." झालं, सगळी विद्वान मंडळी खिदळली. असल्या शिक्षणाला काय जाळायचंय?

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार सांगू नकोस, ते कारण विचारतील.

तुझा,
इंद्रजीतदादा

ता.क. : रागाच्या भरात देवयानीला परत बोलावून घेऊ नकोस. पोरगी कामाची आहे.

ता.क. २ : शकू, दिवाळीपासून मला शौचावाटे रक्त पडतंय. मूळव्याध असेल म्हणून कुणाला बोललो नाही. परवा पडद्यावर ते रक्त बघितलं म्हणून आडवा झालो, अंगरख्यानं नव्हे. सगळ्यांसमोर तिच्या कामाला नावं ठेवली, आता कोणत्या तोंडानं सांगू? तू सांग तिला. ती म्हणेल त्या डॉक्टरकडे जातो, घालू देत काय घालायची ती नळी. तिनं फक्त बरोबर यावं. वहिनीला इतक्यात कळवू नकोस. पत्र मिळताच देवयानीला फोन कर. मला फार भीती वाटते.