काकूनं घातलेलं छप्पर

व्हाकोआ, मार्च १९७५, रविवार संध्याकाळ

बेटावर आलेल्या सिक्लोनच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या वाऱ्यानं कांप दे मास्क गावातलं काकूचं घर मोडलं, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते. आज त्याच घराचं चित्र पुरं केलं. आडवा पडलेला ऊस, उघड्या भिंती, वर नुसतं निळं, पाण्यासारखं हलणारं आभाळ. प्रदर्शनाला हेच पाठवायचं होतं.

काकू बराच वेळ बघत राहिली. "छप्पर घाल की गं. आत पाऊस येल."

"वादळानं काय केलं, तेच दाखवायचंय काकू."

"ते मला ठाव हाय. तू छप्पर घाल."

मी ब्रश तिच्याच हातात दिला. तिनं लाल, जाड, वाकडं छप्पर ओढलं. चित्र बिघडलं का? असेल. तसंच पाठवीन.

ती चित्रासमोर बसल्याबसल्या झोपली आहे. वादळानंतर पहिल्यांदाच इतकी गाढ.