माश्यांना आलेलं तारुण्य

३ मार्च, सकाळ
आजपासून शिस्त. फळमाश्यांच्या मेंदूचा आजार बरा करणं म्हणजे खेळ नाही, पण जगाला जमलं नाही ते मला जमणार. या आजारी जातीच्या माश्या म्हातारपणी लुळ्या पडतात. माश्या ठेवलेली काचेची नळी टेबलावर आपटली की धडधाकट माशी सरसर वर चढते, या तळाशीच धडपडतात. माझं औषध खाऊन चढतील. बाबांचेही हात थरथरतात, म्हणून घाई.

७ मार्च
गाईड मॅडमनी पुन्हा बजावलं: माश्या दर दोन-तीन दिवसांनी नव्या नळीत हलव, नाहीतर त्यांची पोरं त्यांच्यातच मिसळतील. पीएचडीच्या पाचव्या वर्षी हे ऐकायचं! उद्या हलवतो.

११ मार्च
सर्दी. शिवाय सारखं घर बदलायला लावलं तर माश्यांच्या मनावर ताण येत असणार. हा मुद्दा थिसिसमध्ये घालावा.

२८ मार्च
औषध लागू पडलं! नळी आपटली, सगळ्या सुसाट वर. या वयात काय ती तकाकी! संख्याही वाढल्यासारखी वाटते. मरणच थांबलं बहुतेक. तळाच्या खाद्यात काही मेलेल्या चिकटल्यात, त्यांना औषध मानवलं नसावं.
बाबांना लगेच फोन. त्यांनी विचारलं, मग माझ्या गोळ्या बंद करू का? मी म्हटलं, तशी आता गरज नाही. मागून आई काहीतरी ओरडली.

९ एप्रिल
माश्यांचे मेंदू काढून, रंगवून फोटो घ्यायचं काम लॅबमधल्या ज्युनिअरला दिलं. चिमटा धरायला माझा हात नाही, माझं काम विचार करण्याचं. आजारी मेंदूला भोकं पडतात. ती म्हणाली, एकही दिसत नाही. लॅबभर सांगत सुटलो.

१२ एप्रिल, मीटिंगनंतर
मॅडमनी फोटो बघितले, नळी मागवली, उजेडात धरली. म्हणाल्या, तुझ्या म्हाताऱ्या तळाशी मरून पडल्यात, वर चढतायत ती त्यांची मुलं-नातवंडं. सगळा प्रयोग पहिल्यापासून. ज्युनिअर हसली नाही, ते जास्त लागलं. खरं तर मॅडमनी तेव्हाच नीट समजावायला हवं होतं.
मग बाबांच्या गोळ्या आठवल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फोन केला. भीती वाटत होती. म्हटलं, बाबा, औषधात किरकोळ अडचण आहे, गोळ्या आजच सुरू करा. बाबा म्हणाले, बंद केल्याच नव्हत्या. दहावीत गणिताचा पेपर सोपा गेला, असंही तूच सांगितलं होतंस. मग विचारलं, जेवलास का.