पडत्या बाजूची भेग

सोमवार, ३
आले एकदाची कामावर! कलादालनात प्लॅस्टर-दुरुस्तीची नोकरी, आणि ताईचं घर पंधरा मिनिटांवर. मुख्य दालनात याच शहराची प्लॅस्टरची प्रतिकृती आहे, खोलीभर. पूर्वेला चकचकीत मनोरे, पश्चिमेला पडकी वस्ती. घडवणाऱ्या बाईंना प्रगती आणि पडझड शेजारी शेजारी दाखवायची होती म्हणे. बाई आता नाहीत. त्यांचा नियम व्यवस्थापकांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून दोनदा ऐकवला: पूर्वेची धूळ पुसायची, पश्चिमेला जे पडेल ते पडू द्यायचं.

बुधवार, ५
पश्चिमेला ताईची इमारत सापडली! तिसरा मजला, कोपऱ्यातली गॅलरी, सगळं हुबेहूब. भिंतीला केसाएवढी भेग. ताईला फोनवर गंमत म्हणून सांगितलं, तर तिच्या स्वयंपाकघरातही तशीच पडलीय. घाबरून दुसऱ्या गावी जायचं म्हणतेय. इतक्या वर्षांनी मी जवळ आले आणि ही निघाली. रागच आला.

गुरुवार, ६
हात शिवशिवत होते. पोकळ काम भक्कम करायला आम्ही आत पातळ प्लॅस्टर ओततो. ताईच्या इमारतीत वाटीभर ओतलं. भेग बुजली. कोणाला कळतंय?

शुक्रवार, ७
ताईची भेगही आपोआप बुजली. आता इथेच राहते म्हणाली. आनंद झाला.

शनिवार, ८
ताईचा फोन. दार उघडत नाही. धावत गेले. इमारतीच्या खालच्या मजल्यांच्या सगळ्या खिडक्या पांढऱ्या. रस्त्यावर माणसं होती, कोणी मान वर केली नाही. खालच्या दारावर थापा मारल्या. पोकळ आवाज आला नाही.
परत येऊन व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरून नजरही उचलली नाही. म्हणाले, "भेग दिसली की माणसं घर सोडतात. तुम्ही ती बुजवलीत."

शनिवार, दुपार
दालनात आहे. फोन चालूच. ताई पलंगावर चढलीय. फरशीवर पांढरं काहीतरी वर येतंय म्हणते, आणि ते गरम आहे. प्लॅस्टर घट्ट होताना तापतं. तिला हे सांगितलं नाही.

छिन्नी आणली. फोडलं तर घर पडेल. नाही फोडलं तर—

तिच्या कंबरेपर्यंत आलंय.

छिन्नी प्रतिकृतीतल्या ताईच्या गॅलरीशेजारी टेकवली. अजून दाबली नाही. ताई म्हणाली, "थांब गं, भिंतीतून काहीतरी टोकदार आत येतंय, बरोबर माझ्या—"