कवठाच्या झाडाखालची जागा

मी, गिरिजाबाई रखमाजी तौर, वय ७३, धंदा शेती, राहणार बोरवाडी, ता. अंबड, जि. जालना, कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. मन ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन स्वस्थ आहे असं मात्र मी म्हणत नाही. याआधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्ही वेळा सही केल्यावर मला जेवण गेलं नाही.

माझ्या नावावरचं राहतं घर आणि ओढ्याकाठचं शेत मुलगा वसंता याला. पाटल्या मुलगी अक्षता हिला. तिने त्या मोडल्या तरी माझी हरकत नाही.

घरामागचं कवठाचं झाड आणि त्याखालची जागा वसंताला नाही. ती माझी जाऊ उषाबाई हिला. वकील म्हणाले, "बाई, नीट विचार करा." विचारच करून राह्यले.

आमचे मालक आणि धाकटे दीर यांच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत आली, झाड माझ्या बाजूला राहिलं. तेव्हापासून उषाबाई माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या अंगणात पडलेलं कवठ ती भिंतीवरून भिरकावून द्यायची. एकदा माझी घागर फुटली. ती मी विसरलेली नाही.

यंदा शिवरात्रीच्या आधी मी डोळे दाखवायला अंबडला गेल्ते. माझ्या मागे वसंताने जालन्याहून झाड तोडायला माणसं पाठवली. एक फांदी पडली तशी उषाबाई बाज घेऊन आली आणि खोडाला टेकून बसली. "गिरिजा येईस्तोवर हात लावायचा न्हाई." मी आले तेव्हा ती उन्हातच होती, पानं गळालेली, सावली कुठली?

"तू काहून बसलीस?" मी विचारलं.

"मला अजून कवठाचं आंबट लागतंय," ती म्हणाली.

वसंताला फोनवर फार बोलले. आधी तो तिथं गाळे काढायचं सांगत होता. मग म्हणाला, "आई, झाड न्हाई राह्यलं तर तरी तू जालन्याला येशील, असं वाटलं. तू तिथं एकटी. मला घोर लागतो." हे खरं की बनवून, मला अजून ठरवता येईना. पण फोन ठेवल्यावर एका जागी बसवेना.

उषाबाईला झाडाचं सांगितलं तर म्हणाली, "मेल्यावर काय देतीस? आत्ता जा पोराकडं. मी हाये झाडाला."

म्हणून फळं आजपासूनच तिची. तिच्या पश्चात झाड आणि जागा अक्षताला. तोडायची मुभा कुणालाच नाही. उषाबाईलाच साक्षीदार करणार होते, पण जिला द्यायचं तिची सही नको, असं वकील म्हणाले.

उद्याच्या एसटीने मी वसंताकडे नवीन जालन्याला जात आहे. तिथे किती दिवस टिकले, हे आठवून माझ्या मागे कुणी हसू नये. गेले होते, एवढं लिहून ठेवते.

सही: गिरिजाबाई रखमाजी तौर

आमच्या देखत सही केली:
१. राधेश्याम बाबूलाल मुंदडा
२. शिवकन्या भारत खरात

ठिकाण: अंबड
दिनांक: ९ मार्च २०२६